प्रमाणपत्र क्रमांकाचा रकाना

माझ्याकडे नेटवर्किंगचं एकही सर्टिफिकेट नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण लोक ते शेवटी विचारतात आणि मग तोवर ऐकलेलं सगळं मनातून पुसून टाकतात. पंधरा वर्षं मी सोलापुरात आणि आसपासच्या तालुक्यांत कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचं काम करते आहे. दवाखाने, शाळा, टॉवेलचे कारखाने, दूध डेअऱ्या, गोदामं. शिडीवर चढून केबल ओढली आहे, मे महिन्यात पत्र्याखाली बसून नेटवर्कच्या खोक्यांचा रॅक उघडला आहे, आत पाल बसलेल्या खोक्यात हात घातला आहे. सर्टिफिकेट मात्र नाही. घेणारही नाही. लोक याला हट्ट म्हणतात. म्हणू देत.

मी मूळची मंद्रूपची, घरी शेती. बी.कॉम. झाल्यावर सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका दुकानात लागले. काम होतं फोन घ्यायचं आणि तक्रारी लिहून ठेवायचं. दुकानात माणसं पाच. मालक, ज्यांना आम्ही साहेब म्हणायचो, तीन टेक्निशियन आणि मी. टेक्निशियनांत सगळ्यात जुने मामा. ते कुणाचेच मामा नव्हते, पण सगळं दुकान त्यांना मामाच म्हणायचं. घरची भाषा तेलुगू. तरुणपणी यंत्रमागावर काम केलेलं, शाळा दहावीच्या अलीकडेच सुटलेली. माग बंद पडले तसे ते घरांच्या वायरिंगकडं वळले आणि तिथून नेटवर्किंगमध्ये आले.

एका सकाळी बाकीचे दोघं अक्कलकोटला गेले होते आणि एका दवाखान्यातून सारखे फोन येत होते. केसपेपर निघत नव्हते, बाहेर पेशंट खोळंबले होते. मामांनी पिशवी उचलली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "चल अम्मा, शिडी धरायला तरी चल."

मुलगी कुणाचीही असो, ते अम्माच म्हणायचे. मी शिडी धरायला गेले. शिडी लागलीच नाही. औषधाचं कपाट सरकवताना त्याचा पाय केबलवर बसला होता, एवढंच. पण ती चेपलेली केबल सापडेपर्यंत मामा ज्या तऱ्हेनं एकेका खोलीतून बोट फिरवत गेले, ते मी बघत राहिले. त्यांनी नवी केबल सोलली, आतल्या आठ बारीक तारा माझ्यापुढं धरल्या आणि म्हणाले, "लाव. पांढरा-नारिंगी पहिला."

मला म्हणायचं होतं की मी फोन घेणारी आहे. म्हटलं नाही. त्या दिवशी माझ्या हातून केबलच्या टोकाला बसवायचे अकरा कनेक्टर वाया गेले. बाराव्याला टेस्टरवरचे आठही दिवे एकामागून एक लागले. मामा रागावले नाहीत. म्हणाले, "माझे वीस गेले होते." आणि उठता उठता म्हणाले, "पण दिवा लागला म्हणजे चाललं, असं नसतंय. उद्या येऊन परत बघायचं."

हे उद्या येऊन परत बघणं मला कुठल्याही पुस्तकात सापडलेलं नाही.

पुढच्या वर्षापासून फोन घ्यायला दुसरं कुणीतरी आलं आणि मी फिरतीवर जाऊ लागले. सुरुवातीला लोक माझ्यामागं बघायचे, टेक्निशियन अजून यायचा आहे या समजुतीनं. एका शाळेचे हेडमास्तर मला चहा देऊन म्हणाले, "बसा ताई, ते आले की सुरू करू." मी म्हटलं, "ते आलेत सर. मीच." 

त्या वर्षांत शिकलेलं सांगायला बसले तर संपणार नाही. एकच सांगते. विजापूर रोडच्या एका क्लासमध्ये रोज दुपारी तीनच्या सुमाराला इंटरनेट बंद पडायचं आणि संध्याकाळी सहाला आपोआप सुरू व्हायचं. पुण्याहून फोनवर बोलणाऱ्या इंजिनिअरनं तीन वेळा सेटिंग बदलायला लावली होती. मी गेले ती मुद्दाम दुपारी अडीचला. सगळ्या केबली जोडायचं स्विचचं खोकं वरच्या मजल्यावर पत्र्याला खेटून बसवलं होतं. हात लावला तर चटका बसला. खोकं काढून खालच्या जिन्यात लावलं. पुन्हा तक्रार आली नाही. तो पुण्याचा इंजिनिअर अडाणी नव्हता. त्यानं सोलापूरचा पत्रा पाहिला नव्हता, एवढंच.

मग सर्टिफिकेटचे दिवस आले. कामं मिळवायची तर अर्जासोबत प्रमाणित इंजिनिअरचं नाव आणि क्रमांक द्या, असं मोठी गिऱ्हाइकं म्हणू लागली. साहेबांनी जाहिरात दिली आणि अकलूजहून एक मुलगी आली. मुलगी कसली, माझ्याहून पाचच वर्षांनी लहान. तिची तीन सर्टिफिकेटं साहेबांनी फ्रेम करून आपल्या खुर्चीमागच्या भिंतीवर लावली. तिचा पगार पहिल्या दिवसापासून मामांपेक्षा जास्त होता, हे दुकानात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

पहिल्या दिवशी तिनं कनेक्टर दाबून बसवायचा क्रिम्पिंगचा कटर उलटा धरला. मी हसले. तिला दिसेल असं हसले. ती लाल झाली, पण कटर सुलटा करून म्हणाली, "ताई, मला हे कुणी दाखवलंच नाही. तुम्ही दाखवाल?"

मी दाखवलं, पण मनात अढी ठेवून. मी तिला मॅडम म्हणायचे, ती मला ताई. दुपारी डबा खाताना ती मला विचारायची आणि मीही नकळत तिला विचारू लागले. तांब्याची केबल शंभर मीटरच्या पुढं नेऊ नये, हे मला हातानं ठाऊक होतं. नव्वदच्या पुढं गेलं की रडगाणं सुरू होतं, हे मी अनेकदा भोगलं होतं. असं का होतं, ते तिनं एका दुपारी शेंगाच्या चटणीच्या कागदावर रेघा ओढून समजावलं. ते समजलं तेव्हा बरं वाटलं आणि ते तिच्याकडून समजावं लागलं याचा रागही आला. दोन्ही खरं आहे.

साहेबांनी एक नवा छापील फॉर्म काढला होता. काम पूर्ण झालं की तो गिऱ्हाइकाला द्यायचा. खाली रकाने होते, तपासणी करणाऱ्या इंजिनिअरचं नाव, प्रमाणपत्र क्रमांक, सही. माझी कामं, मामांची कामं, सगळ्यांच्या फॉर्मवर अकलूजच्या मॅडमचं नाव आणि क्रमांक. ती दुकानात बसून गठ्ठ्यानं सह्या करायची.

मी साहेबांना म्हटलं, "साहेब, माढ्याच्या गोदामात तर मॅडम गेल्याच नव्हत्या."

"अगं, फॉर्मॅलिटी आहे," साहेब म्हणाले. "रकाना रिकामा कसा सोडणार?"

मामांना सांगितलं तर ते म्हणाले, "चादर विणणाऱ्याचं नाव चादरीवर कधी बघितलंस काय, अम्मा? शिक्का मिलचा."

"पण मामा, चादर विरली तर शिक्केवाल्याला विचारतात. इथं विचारणार आपल्याला."

मामा हसले. मी मात्र त्यानंतर एक वही ठेवायला लागले. कुठं काय लावलं, केबल किती मीटर, कुठून कुठं गेली, कोण हजर होतं. ती वही साहेबांना दाखवली नाही. बाकी गप्प बसले. दीड वर्ष गप्प बसले. आज मी एवढ्या तावानं बोलते म्हणून हेही सांगायला हवं.

मग साखर कारखान्याचं काम आलं. कारखाना जिल्ह्यातलाच, नाव घेत नाही. त्यांना उसाच्या वजनकाट्यावरचं वजन थेट ऑफिसच्या कॉम्प्युटरवर यायला हवं होतं. काट्याची केबिन एका टोकाला, ऑफिस दुसऱ्या टोकाला. मी आणि मामा टेप घेऊन मोजत गेलो. एकशे अडतीस मीटर.

मी साहेबांना फोन केला. "साहेब, इथं फायबर टाकावी लागेल. तांब्याची चालणार नाही."

"टाकून तर बघ. आपल्याकडं तांब्याचं बंडल पडून आहे."

"आत्ता चालेल. कारखाना बंद आहे, सगळं शांत आहे. गाळप सुरू झालं की रडेल."

"रडलं तर बघू," साहेब म्हणाले.

आम्ही केबल टाकली. दिवा लागला. काट्यावरचं वजन ऑफिसात दिसलं. कारखान्याच्या माणसांनी हात मिळवले. मी वहीत लिहिलं, एकशे अडतीस मीटर, साहेबांना सांगितलं. त्या कामाचा साहेबांचा फॉर्म मला तेव्हा दिसलाच नाही.

गाळप सुरू झालं आणि दहाव्या दिवशी फोन आला. वजन मध्येच अडकतं, ऑफिसात येत नाही, पावती निघत नाही. फोन वाढत गेले. साहेबांनी मला आणि मॅडमला दोघींना पाठवलं. ती म्हणाली, "ताई, मी तिथं कधी गेलेच नाहीये. काय काय आहे तिथं?" जीपमध्ये मी तिला सगळं सांगितलं, फक्त मीटरचं सोडून. का सोडलं, आता सांगता येत नाही. बहुतेक तिलाच कळू दे, असं मनात असावं.

कारखान्यात पोचलो तेव्हा उन्हं चढली होती. काट्यापासून फाटकाबाहेर लांबवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग. बैलगाड्या वेगळ्या बाजूला, बैल सोडलेले. ड्रायव्हर ट्रॅक्टरच्या सावलीत बसलेले. आम्हाला पिशव्यांसह उतरताना बघून एक फेटेवाले बाबा पुढं आले.

"ओ ताई, कवा चालू व्हणार हाय ह्ये? सकाळधरनं हितंच हाय की आमी. ऊस वाळायला लागलाय."

"बघतो बाबा. तेवढ्यासाठीच आलोय."

"मागल्या साली हातानं लिवत हुते, तवा लवकर सुटत हुतो," बाबा म्हणाले. सगळी रांग हसली. आम्हाला हसू आलं नाही.

ऑफिसात कारखान्याचे अधिकारी बसले होते. वय साठीच्या आसपास, आवाज चढवायची सवय नसलेला माणूस. त्यांच्या पुढ्यात साहेबांचा छापील फॉर्म होता. त्यांनी तो मॅडमपुढं सरकवला.

"ही सही तुमची?"

"हो."

"इथं लिहिलंय, केबलची लांबी पंच्याऐंशी मीटर, तपासणी समाधानकारक. आमच्या इलेक्ट्रिशियननं काल टेप लावली. एकशे अडतीस भरली. तुम्ही कशी मोजली?"

ती माझ्याकडं बघत नव्हती.  मला आठवतं, माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की आता कळू दे. तीन फ्रेमा भिंतीवर लावून घ्यायच्या तर हेही घ्यायचं. आणि लगेच दुसरा विचार आला, की हा पंच्याऐंशीचा आकडा हिनं लिहिलेला नाही. हिच्या नावाखाली कुणीतरी लिहिलाय. जशी माझी कामं हिच्या नावावर गेली तसा साहेबांचा खोटेपणाही हिच्याच नावावर आला होता.

मी पिशवीतून वही काढली.

"सर, केबल मी टाकली. मोजली मी. एकशे अडतीस. तारीख आहे, तुमच्याकडचं कोण हजर होतं तेही लिहिलंय. फायबर टाका म्हणून मी त्याच दिवशी दुकानात फोन केला होता. या मॅडम आज पहिल्यांदा इथं आल्यात."

 मग ती बोलली. 

"सही मीच केली. न बघता केली. ही चूक माझी आहे, यांची नाही."

अधिकाऱ्यांनी वही वाचली. सावकाश, पान उलटून मागचंही वाचलं. मग म्हणाले, "कोणाची चूक ते नंतर बघू. बाहेर माणसं उन्हात बसलीत. तुम्हा दोघींपैकी कुणाला हे चालू करता येईल?"

आम्ही दोघीही म्हणालो, "बघते."

ती लॅपटॉप घेऊन काट्याच्या केबिनमध्ये बसली. मी कारखान्याच्या इलेक्ट्रिशियनबरोबर केबल धरून चालत निघाले. लांबी जास्त होती, हे ठरलेलंच होतं. पण लांबीमुळं सारखंच अडखळायला हवं होतं. इथं दहा मिनिटं सुरळीत, मग एकदम बंद, मग पुन्हा सुरळीत. गाळपासाठी ऊस टाकतात त्या गव्हाणीजवळ आले आणि मला दिसलं की आमची केबल आम्ही टाकली तिथं नव्हतीच. हंगामापूर्वी साफसफाई करताना कुणीतरी ती उचलून ऊस उतरवणाऱ्या क्रेनच्या मोटरच्या जाड वायरीबरोबर बांधून टाकली होती. तेवढ्यात क्रेन सुरू झाली. पायाखालची जमीन थरथरली आणि केबिनच्या खिडकीतून तिची हाक आली.

"ताई! आत्ता! आत्ता चुका वाढल्या!"

तिच्या पडद्यावर चुकलेल्या निरोपांचा आकडा येत होता. क्रेन थांबली.

"थांबल्या!"

आम्ही तीन वेळा करून बघितलं. मी हात वर करायचे, इलेक्ट्रिशियन क्रेनवाल्याला खूण करायचा, ती खिडकीतून ओरडायची. रांगेतली माणसं उठून बघायला आली होती. तिच्या पडद्याशिवाय मला ही खात्री करून घ्यायला अख्खा दिवस गेला असता. माझ्या चालण्याशिवाय तिला आकडा दिसला असता, पण त्यामागची वायर दिसली नसती. हे मी तिला तिथं म्हटलं नाही. नंतर म्हटलं.

मधल्या वाटेवर पंपाची खोली होती, तिथं वीज होती. दोन्ही तुकडे शंभर मीटरच्या आत यावेत म्हणून केबल तिथं तोडली, मध्ये एक स्विच बसवला आणि मोटरच्या वायरीपासून लांब, भिंतीच्या पलीकडच्या अंगानं दोन्ही तुकडे नेले. नवी दोन्ही टोकं तिनं स्वतः लावली. पहिला कनेक्टर फुकट गेला, बाकीचे दोन्ही नीट बसले. ट्रॉल्या हलायला लागल्या. फायबरचं नंतर कारखान्यानं बघितलं.

परतीच्या वाटेवर साहेबांचा फोन आला. अधिकाऱ्यांनी त्यांना आधीच गाठलं होतं. फोन कानापासून लांब धरूनही जीपमध्ये सगळ्यांना ऐकू येत होतं.

"तुला तोंड उघडायला कुणी सांगितलं होतं? दुकानाची अब्रू घालवलीस!"

मी म्हटलं, "पंच्याऐंशी मी लिहिलं नव्हतं, साहेब."

पलीकडून फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी दुकानात साहेबांनी मला समोर बसवलं. ते शांत होते आणि ते मला जास्त अवघड गेलं.

"हे बघ, तू हुशार आहेस. मी नाही म्हणत नाही. तीन महिने घे, परीक्षा दे. सर्टिफिकेट आलं की फॉर्मवर तुझंच नाव टाकू. तोवर फक्त केबल ओढायची, गिऱ्हाइकाशी बोलायचं नाही."

"माझं नाव आजपासून टाका," मी म्हटलं. "काम मी करते. लांबी मी मोजते."

"क्रमांक कुठून आणू? रकाना आहे ना तो."

"रिकामा सोडा."

"रिकामा फॉर्म कोण घेणार?"

"खोटा घेतला की त्यांनी."

साहेब म्हणाले, "खरं सांग. तुला परीक्षेची भीती वाटते."

मला इंग्रजीची भीती होती, ती एकेकाळी. पण तोवर मी अकलूजवालीच्या पुस्तकाची निम्मी पानं वाचून काढली होती, डिक्शनरी मांडीवर घेऊन. मला शिकायला ना नव्हती. कधीच नव्हती. पण मी जे केलं त्यावर दीड वर्ष दुसऱ्याचं नाव चालत होतं, आणि आता मी एका कागदावर पास झाले की तेच काम एकदम माझं ठरणार होतं. म्हणजे कागद येईपर्यंत ते माझं नव्हतंच. हे मी मान्य करायचं होतं. मी परीक्षेला बसले असते तर माझ्या सहीनं हे मान्य केल्यासारखं झालं असतं.

मी साहेबांना एवढं सगळं बोलले नाही. म्हटलं, "भीती वाटते असं समजा. पण मी देणार नाही."

त्या महिन्याच्या शेवटी मी दुकान सोडलं. मामा दारापर्यंत आले, पिशवीतला त्यांचा जुना टेस्टर माझ्या हातात दिला आणि तेलुगूत काहीतरी म्हणाले. मी अर्थ विचारला तर म्हणाले, "काही नाही. जा. ऊन झालंय."

पुढची दोन वर्षं वाईट गेली, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. एका मोठ्या दवाखान्यात मुलाखतीला गेले. तीन जण होते. पहिला प्रश्न सर्टिफिकेटचा. नाही म्हटलं तर मधल्यानं माझा अर्ज पालथा ठेवला. मी म्हटलं, "तुमच्या खालच्या रॅकमध्ये पंखा बंद पडलाय, येताना बघितलं. हात लावून बघा, खोकी तापलीत." ते म्हणाले, "आम्ही कळवू." कळवलं नाही. पंख्याचं काय केलं, माहीत नाही. एका ऑफिसात ऑनलाइन अर्ज होता, प्रमाणपत्र क्रमांक टाकल्याशिवाय पुढचं पान उघडायचंच नाही. तिथल्या क्लार्कला जाऊन भेटले तर तो म्हणाला, "काहीतरी टाका की मॅडम. कुणी बघत न्हाय."

"कुणी बघत नसेल तर विचारता कशाला?"

"त्ये मला काय म्हायती," तो म्हणाला आणि खरंच त्याला माहीत नव्हतं.

आई मंद्रूपहून फोनवर विचारायची, "दे की ती परीक्षा. एवढी शिकलीस, आनि एक परीक्षा काय लई झाली?" तिला समजावताना मलाच माझं म्हणणं पातळ वाटायचं. पण फोन ठेवला की पुन्हा घट्ट व्हायचं.

अकलूजवालीनंही सहा महिन्यांत ते दुकान सोडलं. आता ती पुण्यात मोठ्या कंपनीत आहे. आम्ही एकमेकींना अगं-तुगं करतो, म्हणजे मी करते, ती अजून ताईच म्हणते. एकदा सोलापूरला आली तेव्हा माझ्या खोलीवर राहिली आणि आमचं कडाक्याचं भांडण झालं.

"ताई, हा नुसता हट्ट आहे. एका झटक्यात पास होशील तू."

"म्हणूनच देत नाही."

"तुला मामा भेटले," ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "तुला कुणीतरी म्हटलं, चल, शिडी धर. मला अकलूजात कोण म्हणणार होतं? डेअरीतल्या क्लार्कची मुलगी मी. मला कुठल्या दुकानात कुणी कटर हातात दिला असता? मी पहिल्या वेळी नापास झाले. दुसऱ्यांदा पास झाले. तो कागद नसता तर मी आज घरात असते. ज्यांना मामा भेटत नाहीत त्यांनी काय करायचं, ते सांग."

  तिचा कागद कमी लेखणं त्या दिवशी संपलं. पण तिच्या दारानं आत गेलं तरच घरात आलं असं मानायला मी तयार नाही. मी तिला तेवढंच म्हटलं. ती म्हणाली, "मूर्ख आहेस," आणि आम्ही चहा केला.

हळूहळू कामं येऊ लागली. जिथं मी पूर्वी काम केलं होतं तिथल्या माणसांनी नंबर शोधून काढले. आज माझ्याकडं दोघीजणी कामाला आहेत, जुळे सोलापूरला एक गाळा आहे. माझ्या फॉर्मवर केबल कुणी ओढली, किती मोजली आणि काय जमलं नाही, हे तिघींच्याही अक्षरात लिहिलेलं असतं. मोठी कामं अजून हातची जातात. ज्यांना क्रमांक लागतो ते दुसरीकडं जातात. जाऊ देत.

गेल्या हिवाळ्यात एका प्रशिक्षण संस्थेनं मुलींपुढं बोलायला बोलावलं. प्राचार्यांनी आधीच बजावलं, "मॅडम, सर्टिफिकेशनचं महत्त्व जरा ठासून सांगा. मुली सिरियस घेत नाहीत." मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. सभागृहात गेले ते दोन जुने कॉम्प्युटर, एक स्विच आणि मुद्दाम बिघडवलेल्या चार केबली घेऊन. टेबलावर मांडल्या आणि म्हटलं, "हे दोन एकमेकांशी बोलत नाहीत. का, ते शोधा."

प्राचार्य कानाशी येऊन म्हणाले, "मॅडम, भाषण?"

"चालू झालंय, सर."

पहिली पाच मिनिटं कुणी जागचं हललं नाही. मग मागच्या बाकावरची एक उठली, तिच्यामागून चार आल्या आणि मग टेबल दिसेनासं झालं. ओरडाआरडा, ढकलाढकली, एकीनं कनेक्टर दातानं धरला म्हणून मी रागावले. पाऊण तासात तीन केबली सापडल्या. चौथी कुणालाच सापडली नाही.

शेवटी एकीनं विचारलं, "ताई, मग आम्ही परीक्षा देऊ का नको?"

प्राचार्य माझ्याकडं बघत होते.

"दे," मी म्हटलं. "मी दिली नाही, तो माझा हिशेब आहे. तू तुझा बघ. पण तुला येतं का नाही, हे त्यांच्या निकालावर सोडू नकोस."

प्राचार्यांनी आभार मानले, नारळ आणि शाल दिली. यंदा त्यांनी दुसऱ्याच कुणालातरी बोलावलं, असं ऐकते. त्या मुलींपैकी दोघींचे मात्र अजून फोन येतात. परवा एकीनं विचारलं, ती चौथी केबल नक्की कुठं बिघडली होती? मी सांगितलं नाही. म्हटलं, गाळ्यावर ये, पिशवीत आहे अजून, स्वतः शोध.